एकाच शिट्टीवर सगळ्यांना पळवू नका

पुण्या-मुंबईत आता हौशी धावपटूंनाही पर्सनल कोच मिळतो. घड्याळातले नाडीचे ठोके पाहून तो आठवड्याचा सराव आखतो, झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशीचं अंतर घटवतो. नोकरी सांभाळून मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर पळणाऱ्याला ते हवंच. पण याची सर्वांत जास्त गरज असलेल्या गावाकडच्या मुलींच्या वाट्याला अजूनही एक शिट्टी आणि 'चला, दहा राऊंड' एवढंच येतं, याचा मला संताप येतो.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. माझी एक मुलगी घरचं पाणी भरून, डोंगर उतरून चालत मैदानावर येते. दुसरी वसतिगृहात राहते, मैदानाला लागूनच. दोघींना सारखाच सराव दिला तर पहिलीवर तो अन्याय आहे. तिचे पाय आधीच दमलेले असतात. कांदा लागवडीच्या दिवसांत दिवसभर वाकून आलेल्या मुलीला वेगाचे राऊंड द्यायचे नसतात. तिला सावकाश पळवायचं, नाहीतर सरळ घरी पाठवायचं. टायमिंग घसरलं की आपल्याकडे आधी ओरडा बसतो. मी आधी हिमोग्लोबिन तपासायला लावते. ते कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजनच पुरत नाही, मग कितीही पळवा, दम वाढणार कुठून? पाळी नियमित येते का, हेही विचारावं लागतं. पोटाला कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी थांबू शकते, हाडं कमजोर होतात. अशा वेळी 'बाई, पायाची नळी दुखते' म्हणणारी मुलगी नाटक करत नसते.

मोठ्या धावपटूंचंही असंच असतं. माणच्या मोहीची ललिता बाबर आणि बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे, दोघेही दुष्काळी भागातले, दोघांचीही शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या कडक शिस्तीत ललिता २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. साबळेला मात्र त्यांची पद्धत मानवली नाही. तो त्यांचं शिबिर सोडून सैन्यातले जुने प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे परतला आणि २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. प्रशिक्षक तोच, पण एकीला लाभला, दुसऱ्याला नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्रसिंग लाभले आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्य जिंकलं. अशी गाठ निव्वळ नशिबाने पडावी, हे मला मान्य नाही.

सिंथेटिक ट्रॅकचं उद्घाटन दिसतं, प्रशिक्षकाचा पगार दिसत नाही, म्हणून पैसा ट्रॅकवर जातो. तालुक्याला एक प्रशिक्षक नेमा, शक्यतो बाई, आणि तिच्याकडे मोजक्याच मुली द्या. प्रत्येकीची वही असू द्या: झोप, जेवण, शेतातलं काम, दुखणं, पाळी. ग्रामीण रुग्णालयात वर्षातून दोनदा या मुलींचं रक्त तपासा. आणि ती वही दर आठवड्याला वाचून पुढचा सराव बदलण्याचा अधिकार त्या प्रशिक्षिकेला द्या. जिल्हा स्पर्धा तोंडावर आली म्हणून वरून फोन करून तिला मुली पळवायला लावू नका.