एका दिवसाचा सौदा

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो. माल डोळ्यांसमोर असतो. व्यापारी तो पारखून बोली बोलतो. सौदा ठरला की वजन होते, हिशेबपट्टी मिळते आणि कांदा एकाच्या मालकीतून दुसऱ्याच्या मालकीत जातो. आज मात्र लहानमोठ्या गावांतून हातातील मोबाइलवर एक दुसराच बाजार भरतो आहे. तेथे सकाळी घेतलेला शेअर दुपारी साडेतीनला बाजार उठण्यापूर्वी विकून मोकळे व्हावयाचे असते. कंपनी काय उत्पादन करते, तिचा ताळेबंद काय सांगतो, हे पाहण्यास सवड नाही आणि कोणास त्याची गरजही वाटत नाही. या व्यवहारास गुंतवणूक म्हणणे आम्हांस मान्य नाही. प्राप्तिकराचा कायदाही त्यास सट्ट्याचा व्यवसायच समजतो.

यातील धोका साध्या अंकगणिताचा आहे. वीस हजार रुपये ठेवून एक लाखापर्यंतचा सौदा करता येतो. भाव शेकडा चार रुपयांनी उतरला की चार हजार गेले. म्हणजे भांडवलाचा पाचवा हिस्सा काही तासांत संपला. शिवाय दलाली, सौद्यावरील कर आणि मुद्रांक शुल्क हा खर्च हरणाऱ्यासही चुकत नाही.

‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२-२३ या वर्षी असे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. वर्षाकाठी पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण दहांत आठ होते. सरावाने हात बसतो, या समजुतीला यापरते उत्तर कोणते? तोट्यात गेलेल्यांनी दर शंभर रुपयांच्या तोट्यावर आणखी सत्तावन्न रुपये खर्चापायी भरले. सर्वांत चिंतेची बाब ही की, तिशीच्या आतील तरुणांचा वाटा चार वर्षांत शेकडा १८ वरून ४८ वर गेला.

यावर कोणी म्हणेल, शेती तरी जुगाराहून वेगळी कोठे आहे? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी येताच लासलगावचे लिलाव बंद पडले आणि भाव कोसळले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु शेतकऱ्यावर तो धोका लादला गेला होता. येथे तो पदरमोड करून विकत घेतला जातो. शिवाय भाव पडला तरी शेतात पीक उभे राहिलेले असते. एका दिवसाच्या सौद्यात कवडीची नवी संपत्ती निर्माण होत नाही. एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो आणि वाटेत दलालाचा वाटा कापला जातो.

बंदी हा यावरील उपाय आहे, असे आम्ही म्हणत नाही. वायद्यांचे सौदे करणाऱ्यांस धोक्याची सूचना दाखविण्याचे बंधन ‘सेबी’ने २०२३ मध्ये घातले. तशीच ठळक सूचना या सौद्यांनाही लावली पाहिजे. आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनी एवढे तरी पाळावे: घरखर्चाचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि उसना पैसा या बाजारात नेऊ नये. शेअर घ्यावयाचा तर तो कंपनी पारखून, वर्षानुवर्षे ठेवण्याच्या तयारीने घ्यावा. लासलगावचा व्यापारी न पाहिलेल्या कांद्यावर बोली बोलत नाही. पगारदाराने आपल्या बचतीबाबत याहून कमी सावध का असावे?