किवी, सोनाका आणि ‘चिनी चोर’

‘चिनी म्हणजे कॉपी मारणारच!’ हे वाक्य मला इथे न्यूझीलंडमध्ये ऑफिसच्या चहाच्या टेबलावर ऐकू येतं, आणि रविवारी घरी फोन केला की तिकडूनही. दोन्हीकडे सूर एकच: चोरी त्यांच्या रक्तातच आहे. मंडळी, मला हे साफ अमान्य आहे. का, ते सांगतो.

आधी आरोप नीट मांडू, कारण तो खोटा नाही. २०१० साली इथल्या टे पुके भागात पीएसए नावाचा जिवाणू आला आणि सोनेरी किवीच्या बागाच्या बागा गेल्या. धंदा सावरला तो जी३ या नव्या जातीने. दुकानात तीच ‘सनगोल्ड’ म्हणून मिळते. ही जात लावायची तर बागायतदारांच्याच झेस्प्री कंपनीकडून परवाना घ्यावा लागतो. २०२१ मध्ये एका हेक्टरच्या परवान्याचा भाव पाच लाख डॉलरच्या वर गेला होता. नुसता परवाना हं, जमीन वेगळी! अशा जातीच्या कलमकाड्या ओपोटिकीच्या एका बागायतदाराने चीनमध्ये पोचवल्या. २०२० मध्ये हायकोर्टाने त्याच्यावर जवळजवळ दीड कोटी डॉलरची भरपाई बसवली. अपिलातही त्याचा दोष कायम राहिला. पण तोवर चीनमध्ये, झेस्प्रीच्याच अंदाजानुसार, ४,००० हेक्टरच्या आसपास बेकायदा लागवड झालेली होती. काडी पिशवीत मावते, बाग मात्र परत आणता येत नाही.

आता दुसरी बाजू. किवी हे फळ मुळात न्यूझीलंडचं नाहीच! १९०४ साली वांगानुईच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर चीनमधल्या यिचांगहून परतल्या, त्या ह्या फळाच्या बिया घेऊन. १९१० च्या सुमारास त्या वेलींना फळं धरली. पुढे अर्धशतक हे फळ इथे ‘चायनीज गूजबेरी’ म्हणूनच विकलं गेलं. १९५९ मध्ये अमेरिकेत खपावं म्हणून निर्यातदारांनी त्याचं बारसं केलं: ‘किवीफ्रूट’. सोनेरी किवीचे पूर्वजही चीनहून आणलेल्या बियांचेच. बियांवर कुणाचा हक्क असू शकतो हे १९०४ साली कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे यिचांगला काही द्यायचा प्रश्नच आला नाही.

मग हिशेब फिटला म्हणायचा का? मुळीच नाही, आणि इथेच चिनी मित्रांशी माझं वाजतं. रानातलं बी उचलून आणणं वेगळं, आणि वर्षानुवर्षं संकर करून, हजारो रोपं फेकून देऊन निवडलेली एक जात कायदा मोडून पळवणं वेगळं. आजोबांच्या बिया कुणी नेल्या, म्हणून नातवाला दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला मारायचा हक्क मिळत नाही.

पण ‘रक्तात’? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले प्रकाशक इंग्रज लेखकांची पुस्तकं बिनदिक्कत छापत. १८४२ च्या दौऱ्यात डिकन्सने त्याबद्दल तक्रार केली, तर तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यालाच झोडपलं. परदेशी लेखकांना तिथे कॉपीराइट मिळायला १८९१ साल उजाडलं. मग हे कुणाचं रक्त? आणि चीनने २०२१ मध्ये बियाणे कायद्यात दुरुस्ती केली, २०२२ पासून जाणूनबुजून केलेल्या गंभीर उल्लंघनाला पाचपट भरपाईची तरतूद आली. कारण उघड आहे, आता राखण्यासारख्या जाती त्यांच्याकडेही आहेत. गल्ल्याच्या अलीकडे उभं असताना ‘ज्ञान सर्वांचं’, पलीकडे जाऊन बसलं की ‘चोर, चोर’!

आता आपलं बघू. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ द्राक्ष निवडून काढलं, तेव्हा काय झालं? काड्या या बागेतून त्या बागेत गेल्या, सोलापूर, सांगली, नाशिक. वाणाच्या हक्काचा कायदा आपल्याकडे २००१ साली झाला, त्यामुळे कायद्याने ही चोरी नव्हेच. पण ज्याच्या नजरेने ती वेल हेरली त्याचं आपण काही देणं लागतो, असं आपल्यापैकी किती जणांना वाटलं? आज निर्यातीच्या द्राक्षांसाठी नाशिकचे बागायतदार परदेशी जातींची रॉयल्टी मोजतात. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. फुकटाची चटक लागलेल्या समाजात पुढची जात काढायला बसणार कोण?

आणि हे शेतापुरतं नाही. माझ्या पीएचडीच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण, आकृत्यांच्या क्रमांकांसकट, मला महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सापडलं. गाईडना मेल टाकला. उत्तर आलं, ‘ज्ञान दिल्याने वाढतं, सर!’ वाढतं हो, पण देणाऱ्याचं नाव खोडून?

तेव्हा चिन्यांना जरूर बोला, जी३ च्या बाबतीत ते चुकलेच आहेत. फक्त जो नियम हळदीला लावलात तोच सोनाकाला लावा, जी३ ला लावा, आणि कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे अख्खं पुस्तक टाकून येताना स्वतःलाही लावा. तेवढं जमत नसेल तर ‘चिनी चोर’ हा शब्द निदान माझ्यापुढे वापरू नका.