रेषा नंतर सरळ होत नाहीत

शनिवारवाड्याचे महाल १८२८ साली जळाले आणि छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. ते महाल कसे होते, हे आज जोत्यांवरून आणि कागदपत्रांवरून जुळवावे लागते, त्याला इलाज नाही. परंतु पुण्याच्या पेठांतील जे वाडे आपल्या डोळ्यांदेखत पाडले जात आहेत, त्यांच्याबाबत ही सबब चालणार नाही.

वाड्यांच्या दस्तऐवजीकरणाची काही छायाचित्रे मध्यंतरी आमच्या पाहण्यात आली. प्रत्येक वाडा मागे रेललेला. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात.' या उत्तराला आमची हरकत आहे. अरुंद बोळात कॅमेरा वर तिरपा केला की इमारतीचा माथा लहान उमटतो, म्हणजेच त्याच्या वाट्याला तपशील कमी येतो. नंतर चित्र ताणले तर रेषा सरळ होते. वरच्या मजल्यावरचे निसटलेले कोरीवकाम परत येत नाही. मधल्या जागा संगणक अंदाजाने भरतो. वाळवीने खाल्लेल्या ओळी संपादकाने पदरच्या घालाव्यात आणि त्यांना मूळ पाठ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात फिल्म उभीच राहते आणि लेन्स तेवढी वर सरकते. याला राइज म्हणतात. शिफ्ट लेन्सचे तत्त्वही हेच. अमेरिकेत १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाने किमान ४ बाय ५ इंचांच्या निगेटिव्हचा आग्रह कित्येक दशके धरला, तो हौसेपोटी नव्हे.

मात्र या कॅमेऱ्यांचे चाहतेही निवड करताना चुकतात. 'हलका तोच चांगला' हा त्यांचा मंत्र. डोंगरदऱ्यांतल्या भटकंतीसाठी तो ठीक आहे. वास्तूसाठी प्रश्न वेगळे आहेत. राइज किती मिळतो? ९० मिमीची वाइड लेन्स लावल्यावर आखडलेला भाता तो राइज घेऊ देतो का? भाता काढून मऊ पिशवीसारखा भाता बसवता येतो का? वृत्तपत्रांसाठी घडलेल्या स्पीड ग्राफिकमध्ये राइज तुटपुंजा आणि मागच्या बाजूला हालचाल नाहीच. लिन्हॉफची टेक्निका दणकट खरी, पण फार वाइड लेन्स तिच्या पेटीतच अडकून राहते. म्हणून तर 'मास्टर' आवृत्तीत पेटीच्या माथ्याला उघडणारी झडप द्यावी लागली. मोनोरेल कॅमेऱ्यात सगळे मिळते, पण तो खांद्यावर टाकून बोळ पालथे घालणे कठीण.

म्हणून आमचे मत असे, की घडीचाच कॅमेरा घ्यावा, पण भाता बदलता येणारा. लेन्सचेही पाहावे. ४ बाय ५ फिल्मचा कर्ण सुमारे १५३ मिमी असतो. लेन्सचे प्रतिमावर्तुळ त्याहून बरेच मोठे नसेल, तर राइज असून नसल्यासारखा. घेण्यापूर्वी लेन्स लावावी, ती पूर्ण वर सरकवावी आणि दुधी काचेचे चारही कोपरे तपासावेत. कोपरे काळे पडले, तर वजन कितीही कमी असो, तो कॅमेरा वाड्यांच्या कामाचा नाही.