बंदुकीचा ट्रस्ट नको, वकिलाचा हवा

"अमेरिकेत गन ट्रस्ट काढतात. आपणही चार दोस्त मिळून काढू, त्याच्या नावावर शस्त्र घेऊ, मोहल्ला सुरक्षित राहील." अंधेरी असो की मुलुंड, आपल्या पोरांच्या गप्पांत अधूनमधून ही कल्पना निघते. ती भीतीतून येते. १९९२-९३ ज्यांच्या घरावर गुदरलं, त्यांच्या मुलांना या भीतीवरून कुणी हसू नये. पण कल्पना चुकीची आहे आणि धोक्याचीही.

अमेरिकेचंच पाहू. १९३४ च्या तिथल्या कायद्याने मशीनगन, सायलेन्सर अशा वस्तूंची सरकारी नोंद लागते. ट्रस्ट केला की एकच वस्तू अनेक विश्वस्तांना वापरता येते. पूर्वी ट्रस्टमार्गे बोटांचे ठसेही टळायचे. २०१६ साली ती पळवाट बंद झाली.

आपल्याकडे तर ही वाटच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे स्वसंरक्षणाचा परवाना माणसाला मिळतो, नावानिशी, पडताळणीनंतर. वय किमान २१. २०१९ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा शेअर करायचा पासवर्ड नाही. एकाच्या परवान्यावरचं पिस्तूल दुसऱ्याने बाळगलं तर दुसरा विनापरवाना ठरतो: दोन ते पाच वर्षं कैद. प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा. वारशाचाच प्रश्न असेल तर २०१६ च्या नियमांत सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली की वारसाला अर्ज करता येतो. मग ट्रस्ट कशाला?

"घरच्यांच्या रक्षणासाठी ठेवलं" हे कोर्टात चालत नाही. संजय दत्तनेही हेच सांगितलं होतं. वडील याच उपनगरांचे खासदार होते, तरी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षं सुनावली. कुर्ल्याच्या डिलिव्हरी बॉयला कोण सोडवणार?

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगणं मूलभूत हक्क करावा, असं सुचवलं. बाबासाहेबांनी विरोध केला: मग गुन्हेगारही तोच हक्क सांगेल. आज अनुच्छेद १९ आपल्याला जमण्याचा हक्क देतो, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

"मग काय, मार खायचा?" अजिबात नाही. ज्याला खरा धोका आहे त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. नाकारला तर कलम १४ प्रमाणे लेखी कारणं मागावीत, कलम १८ खाली अपील करावं. नाव बघून फाईल अडली असं वाटत असेल, तर ते सिद्ध करायलाही हाच कागद लागेल.

आणि ट्रस्ट जरूर काढा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून. त्यातून गरिबाच्या वकिलाची फी द्या, जामिनाची धावपळ करा, रात्री पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत मागणारी माणसं तयार करा. दरवर्षी हिशेब तपासून घ्या, कारण ट्रस्ट म्हणजे अमानत.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आपल्या वस्त्यांचं दुःख नोंदलं गेलं, ते लोकांनी प्रतिज्ञापत्रं दिली, साक्षी दिल्या म्हणून. त्या अहवालावर पुरेशी कारवाई झाली नाही, हे खरंच. ती लढाई अपुरी आहे आणि तिला वकील हवेत.