माळ पडीक नसतो, राव

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढे कुणी 'तू कोण सांगणारा' म्हणायला नको. गेली वीस-बावीस वर्षं मी मातीत गाड्या घालतोय. जेऊरच्या आसपासचा माळ मी जितका तुडवलाय तितका फार कमी पुणेकरांनी तुडवला असेल. तेव्हा खाली जो आरडाओरडा आहे तो अर्धा माझ्यावरच आहे.

पहिली गाडी वडिलांची राजदूत. पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेली ती १७५ सीसीची धूड. किक मारताना पाय परत आला तर नडगी सोलून निघायची. त्या गाडीला कुणी 'ऑफरोडर' म्हटलं नाही. पण वडील तिच्यावर पेंडीचं पोतं, मागे आई आणि टाकीवर मी, असे वस्तीवरून जेऊर स्टेशनला यायचे, आणि त्या वाटेला रस्ता म्हणणं म्हणजे रस्त्याचा अपमान. मग इंजिनिअरिंगला असताना सेकंडहँड आरएक्स-१००. जेमतेम १०० किलोची, ११ घोड्यांची. तिला बटन टायर लावले आणि स्वतःला फार मोठं समजायला लागलो. नोकरी लागल्यावर २०१२ साली हीरोची इम्पल्स, आणि २०१९ पासून एक्सपल्स.

इम्पल्सबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०११ मध्ये आली तेव्हा भारतात आरटीओचा नंबर मिळणारी आणि मातीसाठी बनवलेली परवडणारी गाडी दुसरी नव्हतीच. १५० सीसी, तेरा घोडे, चढावर दम लागायचा. लोकांना ती कळलीच नाही आणि काही वर्षांत बंद पडली. हिमालयन २०१६ ला आणि एक्सपल्स २०१९ ला आली तोवर आपल्याकडे पैसा, गोप्रो आणि शनिवार-रविवार असं तिन्ही आलेलं होतं. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. ते बघून आमच्यासारख्या क्युबिकलमधल्या शंभर जणांच्या अंगात डाकार संचारलं. असो.

तर मुद्दा. पुण्याहून शनिवारी पहाटे निघायचं, भिगवणला मासे किंवा मिसळ, मग उजनीच्या काठाकाठानं करमाळा तालुक्यात शिरायचं आणि जिथे गवत दिसेल तिथे गाडी घालायची, असा एक प्रकार आता बोकाळलाय. 'सैराट'नंतर (२०१६) तर हा मुलूख लोकांना आणखीच ओळखीचा झाला. नागराज मंजुळे जेऊरचे, हे मला ऑफिसात दरवेळी कुणीतरी नव्यानं सांगतो. आर्चीची बुलेट निदान रस्त्यावरून तरी जात होती, एवढंच म्हणतो.

या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: 'अरे, पडीक जमीन आहे, कुणाचं काय जातंय?'

माझं भांडण या वाक्याशी आहे.

पडीक हा शब्द आपण शोधला नाही, तो आपल्याला कागदानं दिला. इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती ओसाड, असा हिशेब आहे. आजही केंद्र सरकारचा पडीक जमिनींचा नकाशा निघतो, त्यात झुडपी-गवताळ माळ बिनदिक्कत धरलेला असतो. पण वर्षाला ५००-५५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, मुरमावर चार बोटं माती असणाऱ्या जागी जंगल उगवायचं नसतंच. तिथे गवतच येतं, आणि तेच तिथलं बरोबर पीक. कुसळी, पवन्या, मारवेल. (कुसळ मोज्यात घुसल्यावर जी शिवी तोंडातून येते ती सगळ्या जातीधर्मांत एकच आहे.) त्या गवतावर मेंढपाळांची मेंढरं चरतात, काळवीट चरतं, खोकड आणि लांडगा फिरतो, आणि चंडोल, धाविक, टिटवी, पखुर्डी हे सगळे पक्षी घरटं करतात ते जमिनीवर. झाडावर नाही. जमिनीवर!

आता जरा कॅलेंडर बघा. आपण राइडला कधी जातो? पहिला पाऊस पडला की. माती मऊ, हवा गार, फोटोला हिरवं. नेमकं तेव्हाच तिथे अंडी असतात. टिटवी तर उन्हाळ्यापासूनच बसलेली असते.

२०१३ च्या जूनमध्ये ऑफिसातले तिघं माझ्याबरोबर जेऊरला आले होते. चुलत्यांच्या रानामागच्या माळावर आम्ही दुपारभर गोल-गोल फिरलो. चाक घसरवणं, उड्या, सगळं. संध्याकाळी नाना आले. ओरडले वगैरे नाहीत. मला एकट्याला बोलावलं, खाली बसायला लावलं आणि बोट दाखवलं. चार खडे होते असं वाटलं. एक शाबूत होतं, तीन फुटलेली. वर टिटवी घिरट्या घालत बोंबलत होती. ती दुपारपासून बोंबलत असणार, आम्हाला हेल्मेटमध्ये कुठलं ऐकू येतंय.

"टिटवी कुठं अंडी घालती ते बघून आमी पाऊस सांगत हुतो," नाना म्हणाले. "आता काय बघायचं ते सांग."

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, ही समजूत खरी का खोटी यात मला पडायचं नाही. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता तुमचे मुद्दे घेतो, कारण ते मी स्वतःच स्वतःला दहा वर्षं सांगत आलोय.

पहिला: गुरं-मेंढरं पण तुडवतातच की. तुडवतात. पण मेंढराचं वजन माणसापेक्षा कमी असतं आणि ते ताशी साठनं येत नाही. मेंढपाळ बघून चालतो. बटन टायरचं मागचं चाक जागेवर फिरलं की चार बोटं मातीचा थर एका झटक्यात निघून मुरूम उघडा पडतो. पुढच्या पावसात त्या चाकोरीचा ओघळ होतो. २०१४ सालची माझी एक चाकोरी मी आजही दाखवू शकतो. आता तिच्यात गुडघा जातो.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: माळ आपण थोडाच संपवला? उसानं संपवला, केळीनं संपवला. उजनी धरण १९८० मध्ये झालं, ११७ टीएमसीचं पाणी अडलं आणि जिथे पाइप पोचला तिथे माळ नांगरला गेला. शंभर टक्के मान्य. माळढोक गेला तो शिकारीमुळे, नांगरामुळे, विजेच्या तारांमुळे. मोटरसायकलमुळे नाही. पण शेतकऱ्यानं माळ फोडला तो पोटासाठी. आपण फोडतो ते चाळीस सेकंदांच्या व्हिडिओसाठी. या दोन गोष्टी एका तागडीत घालायला मला लाज वाटते.

आणि माळढोकाचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचा आकार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. सोलापूर-नगरचे तालुकेच्या तालुके त्यात, आमचा करमाळाही. लोकांची शेतं, घरं सगळं आत. जमीन विकायची, बांधकाम काढायचं तर परवानगी. आमच्याकडे कित्येक वर्षं माळढोक म्हणजे पक्षी नव्हताच, सातबाऱ्यावरचं लफडं होतं. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला. ज्या पक्ष्यापायी इथल्या माणसानं तीस-एक वर्षं अडचण सोसली, त्याच्या माळावर तुम्ही आम्ही पाच तासांसाठी येऊन 'कुणाचं काय जातंय' विचारणार?

कायद्याचंही सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. प्राण्याला हाकणं, पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं हेही त्या व्याख्येत बसतं. काळवीटामागे गाडी घालून काढलेला तो 'एपिक' व्हिडिओ तुम्ही स्वतःच्या नावानं टाकता तेव्हा स्वतःविरुद्धचा पुरावा टाकता. शिवाय रेसिंगच्या बिननंबराच्या गाड्या टेम्पोत घालून आणतात त्यांचं तर सगळंच आलबेल. इन्शुरन्स नाही, दिवा नाही, आणि वाटेवर शाळेतून सायकलवर येणारी पोरं.

मग गाडी विकायची का? मी विकलेली नाही. मातीत गाडी चालवणं ही या जगातली फार सुंदर गोष्ट आहे आणि ते मी कुणाला माफी मागत सांगणार नाही. पण मजा गवतात नसते, मजा पकड सुटण्यात असते. ती पाणंदीतही मिळते. पावसाळ्यात काळ्या रानातली पाणंद दोन किलोमीटर न पडता पार करून दाखवा, मग बोलू. आमचा दूधवाला रोज पहाटे स्प्लेंडरवर दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावून तेच करतो. रस्त्याचे टायर, घासलेले. मी एक्सपल्सवर त्याच्या मागे जायचा प्रयत्न केला, तिसऱ्या वळणावर आडवा. तो थांबला, गाडी उचलायला हात दिला आणि "साहेब, दूध नासंल" म्हणून निघून गेला. आणि हा माणूस आजवर एकदाही वाट सोडून माळावर गेलेला नाही.

दुसरं म्हणजे नांगरट. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. मग रान नांगरून मृगापर्यंत उन्हात तापत ठेवतात. डोक्याएवढी ढेकळं. त्यात उभं राहून गाडी चालवायला शिकलात तर कुठलीही महागडी ट्रेनिंग अकादमी झक मारेल. मालकाला विचारायचं, टिटवी बसलीय का ते आधी पायी फिरून बघायचं, पैसे द्यायचे. २०१८ पासून मी नानांच्या दोन एकरांत हेच करतोय. पहिल्या वर्षी नाना पैसे घेईनात. मी सांगितलं, घेतले नाहीत तर येणार नाही. तेव्हापासून घेतात, आणि दरवर्षी वाढवतातही.

यंदा माणशी पाचशे म्हणालेत, जेवण वेगळं. एप्रिलमध्ये चार जणांची जागा आहे. टेम्पोतून बिननंबराची गाडी आणणार असाल तर विचारू नका.