हद्दीचे राजकारण आणि तहानलेली सत्तावीस गावे

सत्तावीस गावे महापालिकेत असावीत की नसावीत, या एका प्रश्नावर कल्याण-डोंबिवलीचे राजकारण चार दशके पोसले गेले आहे. निवडणूक जवळ आली की हा प्रश्न उकरून काढावयाचा आणि निवडणूक सरली की तो पुन्हा मातीआड करावयाचा, असा येथील सर्वपक्षीय शिरस्ता आहे. गावे आत घेतली तेव्हा विकासाची ग्वाही दिली गेली. बाहेर काढली तेव्हा स्वाभिमानाचा जयघोष झाला. पुन्हा आत घेतली तेव्हा पुन्हा विकासाची ग्वाही दिली गेली. या साऱ्या काळात गावकऱ्यांच्या हंड्यात किती पाणी पडले, हा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. तो मांडणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. कारण हिशेब मांडताच हद्दीच्या वादामागे काय दडले आहे ते उघडे पडते.

कल्याण महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची अनेक गावे एका फटक्यात तिच्यात ओढली गेली. ज्यांना आत घेतले त्यांना विचारले कोणी? कोणीही नाही. इतकेच नव्हे, तर पुढची बारा वर्षे या महापालिकेवर लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. पहिली निवडणूक झाली ती १९९५ साली. तोवर प्रशासक कर ठरवीत होता, प्रशासकच तो वसूल करीत होता. ग्रामपंचायत गेली, तिच्या जागी लोकांची म्हणावी अशी कोणतीही संस्था आली नाही. या अवस्थेत गावांच्या मनात महापालिकेविषयी आपलेपणा निर्माण व्हावा, अशी अपेक्षा बाळगणे हाच मुळी भाबडेपणा होता. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर बाहेर पडली व त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. मोठ्या आंदोलनानंतर २००२ मध्ये सत्तावीस गावेही वगळण्यात आली.

पुढे काय झाले? २००६ पासून या गावांच्या नियोजनाचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. म्हणजे गावे महापालिकेतून सुटली ती थेट मंत्रालयाच्या दारी गेली. ग्रामपंचायतीजवळ पैसा नव्हता, प्राधिकरणाजवळ गावांसाठी वेळ नव्हता. आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत जमीनदलालांचे व बेकायदा इमारती बांधणाऱ्यांचे राज्य सुरू झाले. ज्या शेतांत भात पिकत होता तेथे रस्ता, गटार, नळ यांपैकी काहीही नसताना चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या.

१ जून २०१५ रोजी ही गावे पुन्हा महापालिकेत आली. चार महिने उलटण्यापूर्वी, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ती पुन्हा वगळण्याची प्रक्रिया शासनानेच सुरू केली. आणि ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, त्याच महापालिकेला ६,५०० कोटी रुपयांचे पॅकेज देण्याची घोषणा झाली. एका हाताने नगरी समृद्धीचे गाजर आणि दुसऱ्या हाताने वेगळ्या नगरपालिकेचे! जून २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने सत्तावीसांपैकी अठरा गावे वगळण्याची अधिसूचना काढली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कायद्याने आवश्यक असलेला महापालिकेशी विचारविनिमय झालाच नव्हता. सरकारे बदलली, पक्ष बदलले. अधिसूचनेची रीत तेवढी कायम राहिली. जनतेला न विचारता आत घ्यावयाचे आणि जनतेला न विचारता बाहेर काढावयाचे, यावर मात्र सर्वांचे एकमत!

गावकऱ्यांची तक्रार खोटी आहे, असे कोणी म्हणू नये. मालमत्ता कर दहा पटींपर्यंत वाढल्याचा आक्रोश ते करीत आले आहेत. पाणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वाहिनीतून येते आणि तेही अपुरे. ‘अमृत’ योजनेच्या नळांची वाट पाहण्यात वर्षे गेली. कर शहराचा आणि सेवा खेड्याची, ही कोणाही स्वाभिमानी माणसाला चीड आणणारी स्थिती आहे. चीड रास्तच आहे. तिला दाखविली जाणारी वाट मात्र सपशेल फसवी आहे.

ती फसवी का, याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. शीळफाट्याच्या परिसरातील दहिसर, पिंपरी, भंडार्ली, उत्तरशिव आदी चौदा गावे एके काळी नवी मुंबई महापालिकेत होती. कर नको, महापालिका नको, असा लढा त्यांनी दिला आणि २००७ मध्ये ती बाहेर पडली. काही वर्षांतच त्याच गावांतून पुन्हा आत घ्या, अशी मागणी होऊ लागली. आणि २०२४ मध्ये शासनाने ती मान्य केली. आता नवी मुंबईचे पुढारी म्हणतात, हा बोजा आम्हांला नको. दरम्यानच्या काळात भंडार्लीच्या वाट्याला काय आले? ठाणे शहराचा कचरा! ज्या गावाला शहर आपल्यात घेत नाही, त्या गावाच्या अंगणात शहर आपला उकिरडा मात्र करते. हद्दीबाहेर गेल्याने शहराच्या शोषणातून सुटका होत नाही. उलट शहराला जाब विचारण्याचा जो काही थोडा हक्क होता तोही हातचा जातो.

अशीच गोष्ट मोठ्या पटावर ब्रिटनमध्ये घडली. १९७५ साली तेथील सुमारे ६७ टक्के मतदारांनी युरोपीय समुदायात राहण्याचा कौल दिला होता. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, ४८.१ टक्के विरोधात होते. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहण्याच्या बाजूने मत दिले, इंग्लंड आणि वेल्सने सोडण्याच्या बाजूने. शहर विरुद्ध गाव, तरुण विरुद्ध वृद्ध, पदवीधर विरुद्ध कामकरी अशा भेगा कुटुंबाकुटुंबांत पडल्या. प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडली. भेगा बुजल्या नाहीत.

या कौलातील एब व्हेलचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. दक्षिण वेल्समधील हे पोलादाचे गाव. २००२ मध्ये तेथील कारखाना कायमचा बंद पडला. युरोपीय संघाच्या निधीतून तेथे पुष्कळ कामे झाली. तरीही ते गाव ज्या ब्लायनाऊ ग्वेंट विभागात येते, त्या विभागाने ६२ टक्के मतांनी संघ सोडा म्हणून सांगितले. लंडनच्या सुशिक्षितांनी कपाळावर हात मारून घेतला आणि या लोकांना अडाणी ठरविले. पण ज्या कामगाराची भट्टी विझली, त्याला नव्या रस्त्याच्या कडेला लावलेल्या पाटीचे काय कौतुक? त्याचा संताप खरा होता. भट्टी विझविणारी व्यवस्था मात्र ब्रुसेल्सइतकीच लंडनमध्येही बसलेली होती, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखविले नाही. आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील व ते आरोग्यसेवेला देता येतील, असे बसगाड्यांवर रंगवून सांगणाऱ्यांनी त्या संतापावर आपली पोळी भाजून घेतली. संताप श्रमिकांचा, सत्ता मात्र धनिकांची, असा तो सौदा होता.

आपल्याकडील सौदा याहून निराळा आहे काय? हद्द बदलल्याने बारवी धरणाचे पाणी कोणाला किती द्यावयाचे, हा निर्णय गावाच्या हाती येत नाही; तो शासनाच्या व औद्योगिक महामंडळाच्याच हाती राहतो. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. महापालिकाच आज राज्याच्या भरपाई अनुदानावर जगते. मग नवी, लहान, उत्पन्नाची साधने नसलेली नगरपालिका कोणाच्या बळावर उभी राहणार? तीही मंत्रालयाच्या पायरीवर हात पसरूनच उभी राहील. मात्र वेगळी नगरपालिका झाली तर काही जणांचा लाभ निश्चित आहे. ज्यांच्या हाती मोठ्या जमिनी आहेत, ज्यांना बांधकाम परवानगी देणारी सत्ता दूर नको, खिशात हवी आहे, त्यांना लहान संस्था अधिक सोयीची असते. म्हणूनच ‘सर्वपक्षीय’ या शब्दाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. जेथे सर्व पक्षांचे पुढारी एका व्यासपीठावर बसतात, तेथे बहुधा एकाच वर्गाचे हितसंबंध बसलेले असतात.

याचा अर्थ महापालिकेत राहणे हेच कल्याणाचे, असा नव्हे. महापालिकेच्या हद्दीतच बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये द्यावा लागला. आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली. बांधणारे पैसे घेऊन मोकळे झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पाच वर्षे पुन्हा प्रशासकाचीच. १९८३ ची कहाणी जशीच्या तशी! लोकप्रतिनिधींवाचून चालणारी मोठी महापालिका आणि पैशावाचून चालणारी लहान नगरपालिका, यांतून निवड करा, असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला रिकाम्या हंड्यांचे दोन आकार दाखविणे होय.

या वादाने जी फूट पाडली आहे तीही डोळ्यांआड करता येणार नाही. एकीकडे भूमिपुत्र आगरी-कोळी शेतकरी, ज्याची जमीन कारखान्यांनी, रस्त्यांनी आणि बिल्डरांनी गिळली. दुसरीकडे मुंबईत घर परवडत नाही म्हणून पिसवली-गोळवलीच्या चाळीत किंवा दावडीच्या इमारतीत आलेला कामकरी, जो पहाटे लोकलला लोंबकळतो आणि रात्री टँकरची वाट पाहतो. पहिल्याला सांगितले जाते की तुझी ओळख या परक्यांमुळे बुडाली. दुसऱ्याला सांगितले जाते की या गाववाल्यांच्या हट्टामुळे तुझा नळ कोरडा आहे. डोंबिवलीच्या जुन्या वस्तीतील मध्यमवर्ग या दोघांकडेही नाक मुरडून पाहतो आणि गावांचा भार आमच्या करावर नको म्हणतो. तिघांचे पाणी एकच, तिघांची लोकल एकच, तिघांना लुबाडणारेही तेच. तरी तिघे एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहतात. हद्दीच्या राजकारणाचे खरे फलित कोणते असेल तर ते हेच.

मे २०२२ मध्ये संदप गावच्या खाणीत एकाच कुटुंबातील पाच जण बुडून मेले. ती माणसे तेथे गेली होती ती कपडे धुण्यासाठी, कारण घरी पाणी नव्हते. त्या वेळी संदप महापालिकेत होते. महापालिकेबाहेर असते तर खाण कमी खोल झाली असती काय? त्या पाच मृत्यूंपुढे हद्दीच्या दोन्ही बाजूंचे पुढारी निरुत्तर आहेत, आणि त्यांनी निरुत्तर राहणेच योग्य होय.

ज्यांना लोकेच्छेची एवढी चाड आहे, त्यांनी गोव्याचा दाखला आठवावा. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांनी त्यापूर्वी मुख्यमंत्रिपद सोडले होते. हरल्यावर त्यांच्या पक्षाने निकाल मानला आणि त्याच वर्षी निवडणूक जिंकून ते पुन्हा सत्तेवर आले. ब्रिटनने लोकांना विचारले, पण सोडणे म्हणजे नेमके काय, हे आधी ठरविले नाही. गोव्यात दोन्ही पर्याय लोकांपुढे स्पष्ट होते. सत्तावीस गावांत मात्र चाळीस वर्षांत एकदाही हा प्रश्न मतपेटीतून विचारला गेला नाही; आणि भाडेकरूंचे, स्त्रियांचे, चाळीतल्या माणसांचे मत तर कोणाच्या खिजगणतीतही नव्हते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ‘आत की बाहेर’ या सापळ्यात पाय अडकवून घेऊ नये. पहिली मागणी पाण्याची: प्रत्येक गावाला, प्रत्येक चाळीला माणशी किती पाणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे शासनाने, महामंडळाने आणि महापालिकेने एकत्र बसून लेखी सांगावे. दुसरी मागणी कराची: जेथे नळ, गटार, दिवा नाही तेथे शहरी दराने कर नाही. तिसरी मागणी हिशेबाची: सत्तावीस गावांतून किती कर जमला आणि गावांवर किती खर्च झाला, याचा ताळेबंद प्रत्येक गावात चावडीवर लावावा. चौथी मागणी सत्तेची: क्षेत्रसभांची तरतूद २००९ सालीच महाराष्ट्राच्या कायद्यात आली, त्या सभा गावोगाव व चाळीचाळींतून भरल्याच पाहिजेत. आणि यानंतरही हद्दीचा प्रश्न उरला, तर तो मंत्रालयातील अधिसूचनेने सुटणार नाही. दोन्ही पर्यायांचा जमाखर्च समोर ठेवून सर्व प्रौढ रहिवाशांच्या मतानेच तो सुटेल.

भूमिपुत्राला आणि चाळकऱ्याला एका मोर्चात आणणे सोपे नाही. दोघांच्या मनांत एकमेकांविषयीची कटुता मुरलेली आहे आणि ती मुरत राहावी यासाठी खर्च करणारे धनवान आहेत. परंतु रिकामा हंडा घेऊन उभी असलेली निळज्याची म्हातारी आणि मानपाड्याच्या इमारतीतील तरुण सून यांना एका रांगेत उभे करण्याचे काम टँकरने केव्हाच केले आहे. त्या रांगेचा मोर्चा करणे एवढेच कार्यकर्त्यांच्या हाती उरले आहे, आणि ते त्यांनी या उन्हाळ्यापूर्वी हाती घेतले पाहिजे.