डोळा यंत्राचा, नजर माणसाची

काचीगुडा हे नाव मराठवाड्यातील वाचकांस परके नाही. निजामाच्या कारकिर्दीत, १९१६ साली, उभारलेले तेथील रेल्वेस्थानक म्हणजे नांदेड-परभणीकडून हैदराबादेस जाणाऱ्या कितीतरी प्रवाशांचे उतरण्याचे ठिकाण. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

पुढे या शहराशी मराठी घरांचा आणखी एक धागा जुळला, तो दूरचित्रवाणीचा. २००० साली सुरू झालेल्या ‘ई टीव्ही मराठी’ या वाहिनीच्या बातम्या हैदराबादेजवळील रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जात. चंद्रपूरची बातमी आधी हैदराबादेस जाई आणि मग आपल्या घरी येई. बातमी वाचणारा आपणांस दिसे. त्यास दाखविणारा कॅमेरामन मात्र कधीच दिसत नसे. आता जगातील पुष्कळ स्टुडिओंत तो कॅमेऱ्यामागे उभाच नसतो. कॅमेरा आपला आपण फिरताना दिसतो. या यंत्रमानवी कॅमेऱ्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

त्याची रचना समजावयास फारशी कठीण नाही. कॅमेऱ्याच्या बैठकीत लहान विद्युत्‌यंत्रे बसविलेली असतात. ती त्यास डावीकडे-उजवीकडे आणि खालीवर वळवितात. दृश्य जवळ आणणे वा दूर नेणे हेही यंत्रच करते. कोठे कॅमेरा रुळांवरून सरकतो, तर कोठे चाकांच्या खांबावर जमिनीवरून फिरतो. शेजारच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला एकच मनुष्य असे चार-पाच कॅमेरे चालवू शकतो. कोणत्या क्षणी कोणते दृश्य घ्यावयाचे त्या जागा यंत्राच्या स्मरणात आधीच साठविलेल्या असतात. कळ दाबताच कॅमेरा नेमका त्याच जागी येऊन थांबतो.

याचे लाभ खरे आहेत. यंत्र थकत नाही. ज्या उंचीवर माणसास पाठविणे धोक्याचे, तेथे ते निर्धास्त लटकते. खर्च वाचतो, परंतु वाचलेला तो खर्च बहुधा कोणाच्या तरी घरची मिळकत असते, हेही विसरू नये. चार कॅमेऱ्यांमागे चार माणसे होती. आता एक पुरते.

आणि यंत्र चुकते तेव्हा काय होते? बी.बी.सी.ने २०१३ साली आपला वृत्तविभाग लंडनमधील नव्या इमारतीत हलविला आणि तेथे असे कॅमेरे वापरात आणले. त्यानंतर कॅमेरा भलतीकडेच वळला, निवेदक चौकटीबाहेर राहिला, असे प्रकार प्रेक्षकांनी पाहिले. तेवढ्यावर हसून सोडता येईल. पण डिसेंबर २०२२ मध्ये मेलबर्नच्या कसोटी सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज ॲनरिक नॉर्किया यास मैदानावरून तारांवर धावणाऱ्या कॅमेऱ्याने मागून धडक दिली व तो खाली पडला. सुदैवाने त्यास गंभीर इजा झाली नाही. असा कॅमेरा चार तारांवर झुलतो. एक मनुष्य तो उडवितो, दुसरा त्यातून चित्र घेतो. आय.पी.एल.च्या सामन्यांतही तो आपण पाहतो. मेलबर्नला चूक चालविणाऱ्या माणसाची होती, असेच प्रक्षेपण करणाऱ्यांनी सांगितले. यंत्राच्या नावावर दोष टाकून मोकळे होता येत नाही, एवढे त्यावरून शिकावे.

याहून सूक्ष्म असा प्रश्न नजरेचा आहे. ‘ई टीव्ही मराठी’ला २०१५ पासून ‘कलर्स मराठी’ हे नाव मिळाले आणि तिच्यावर २०१८ साली ‘बिग बॉस’ हा कार्यक्रम मराठीत आला. त्याच वर्षापासून त्याच्या तेलुगू आवृत्तीचे घर हैदराबादच्या अन्नपूर्णा स्टुडिओत उभारले जाऊ लागले. त्या घरांत भिंतींवर आणि छतांवर असेच दुरून फिरविले जाणारे कॅमेरे असतात. कोणी रडू लागला की कॅमेरा हळूच वळतो आणि त्याचा चेहरा मोठा करून दाखवितो. समोर उभा असलेला कॅमेरामन अशा वेळी कदाचित संकोचला असता, क्षणभर नजर खाली वळविली असती. भिंतीवरील यंत्रास संकोच नसतो; आणि ते चालविणारा पलीकडच्या खोलीत असल्यामुळे त्यासही तो फारसा जाणवत नाही.

त्या घरात जाणारे निदान आपल्या संमतीने जातात. आपल्या गावचे काय? २०२० च्या साथीपासून पुष्कळ चर्चमध्ये असा छोटा कॅमेरा बसला आहे. अंथरुणास खिळलेल्या आजीस त्यामुळे घरी मिस्सा पाहता येते. दुखण्याने खोलीत पडून राहिलेल्या संत क्लाराला नाताळची मिस्सा भिंतीवर दिसली, अशी परंपरा आहे. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून जाहीर केले. परदेशी नोकरीस असलेला मुलगा याच कॅमेऱ्यातून आपल्या बापाच्या अंत्यविधीस हजर राहतो. हे उपकार लहान नाहीत.

तथापि त्याच अंत्यविधीत शवपेटीशी कोसळलेल्या विधवेचा चेहरा मोठा करून जगास दाखवावयाचा काय? तिची संमती कोणी विचारली? बाकांवरील लहान मुलांचे चेहरे दिवसेंदिवस कोणाच्याही मोबाइलवर राहू द्यावयाचे काय?

म्हणून सुचवावेसे वाटते की, कॅमेऱ्याच्या स्मरणात जागा साठविताना वेदी, वाचनपीठ आणि शवपेटी एवढ्याच साठवाव्यात. बाके दूरूनच दिसावीत. अंत्यविधी दाखविण्यापूर्वी घरच्यांस विचारावे, आणि चित्रण किती दिवस ठेवावे हेही त्यांनाच ठरवू द्यावे. कॅमेरा चालविण्याचे काम गावातील अशा तरुणावर वा तरुणीवर सोपवावे, जी त्या घरच्या माणसांस ओळखते. आणि त्या कामाचा योग्य मोबदलाही द्यावा. कळ कोणती दाबावयाची हे एका दिवसात शिकविता येते. कोठून नजर वळवावी हे मात्र त्या तरुणांनी आपल्या घरी, थोरामोठ्यांकडे पाहूनच शिकलेले असले पाहिजे.